लेकाला दिलेली जागा

ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणजे पाळक, घडवणाऱ्या सेमिनरीत शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी एखाद्या चर्चच्या मंडळीत पाठवतात. आठवडाभर गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या सेमिनरीत वर्ग आणि शनिवार-रविवार मंडळीत काम. आजाऱ्यांना भेटायचं, तरुणांचा वर्ग घ्यायचा, पाळकसाहेब सांगतील त्या रविवारी संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायचा. सुवर्णा पाटोळेच्या वाट्याला नाशिकरोडची एक जुनी मंडळी आली. तिथल्या पाळकांनी वर्षाअखेर चांगला शेरा दिला की पदवी, आणि पदवी हातात पडली की देवळाली कॅम्पच्या एका मंडळीत सहायक पाळक म्हणून तिला घ्यायचं जवळपास ठरलेलं होतं.

सुवर्णा मनमाडची. वडील जयराम रेल्वेत गँगमन होते. पोरगी पाळकाचं शिकायला निघाली तेव्हा भावकीतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. बाईमाणूस पुलपिटाच्या चौथऱ्यावर उभी राहून काय सांगणार, असं एकाने विचारलं. जयराम म्हणाले, "काय सांगती ते ऐकायला ये की." विषय तिथेच संपला.

नाशिकरोडच्या मंडळीत सुवर्णाची पहिली ओळख झाली ती कुंदनशी, कारण तो उपासनेत ढोलकी वाजवायचा आणि नवीन माणसाला ताल पकडायला मदत करायचा. ओझरच्या विमान कारखान्यात तो कंत्राटी फिटर होता. तिशी नुकतीच ओलांडलेली, उंच, कमी बोलणारा. बायको सायली एका शाळेत शिकवायची. आई कमळाबाई सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. कमळाबाईंचा आवाज असा, की सगळी मंडळी एका सुरात गात असली तरी त्यांचा सूर वेगळा ऐकू यायचा. त्यांना कुणी हळू गायला सांगितलं की त्या म्हणायच्या, "देवाला ऐकू जातंय, तुम्ही कान झाका."

कुंदनला नैराश्याचा आजार होता. डॉक्टरांचं औषध चालू होतं आणि औषधावर तो बरा राहायचा. दिवाळीनंतर मंडळीत बाहेरगावच्या एका उपदेशकाची तीन दिवसांची सभा झाली. शेवटच्या दिवशी तो उपदेशक म्हणाला, की मनाच्या आजाराला गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. ज्यांना हे पटतंय त्यांनी हात वर करावेत. मंडळीचे सेक्रेटरी वाघमारे सर पहिल्या बाकावर होते. त्यांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग इतरांचे गेले. कुंदनने हात वर केला नाही, पण घरी गेल्यावर गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरात त्याने ढोलकी वाजवणं सोडलं. सुवर्णा त्याच्या घरी गेली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत पंख्याखाली नुसता बसून होता. समुपदेशनाच्या वर्गात मनीषा मॅडम नेहमी सांगायच्या, की दुःखी माणसासमोर उत्तरं घेऊन जाऊ नका, कान घेऊन जा. सुवर्णा बसून राहिली. कमळाबाईंनी दोनदा चहा आणला. दुसरा चहा गार झाल्यावर कुंदन म्हणाला, "ताई, मी गोळ्या बंद केल्यात."

त्याच्या परवानगीने सुवर्णाने ते कमळाबाईंना सांगितलं. कमळाबाई मुलाला तेव्हाच दवाखान्यात घेऊन गेल्या. रिक्षात त्याच्या शेजारी बसून त्या म्हणाल्या होत्या, "मी जन्मभर लोकांना गोळ्या दिल्या. तो काय सगळा अविश्वासच होता का रे?" कुंदन त्यावर हसला होता, असं सायलीने नंतर सांगितलं. औषध पुन्हा सुरू झालं. जानेवारीत तो कामावर जाऊ लागला. एका रविवारी ढोलकीही वाजवली. सगळ्यांना वाटलं, गाडी रुळावर आली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी कुंदनने आपला जीव दिला.

सुवर्णाला सेमिनरीच्या मेसमध्ये फोन आला. हातातलं ताट तसंच ठेवून ती निघाली. पोस्टमार्टेम, पोलिसांचे जबाब यात तो दिवस गेला. शुक्रवारी सकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाघमारे सरांचा निरोप आला. सदर दफनविधी मंडळीतर्फे होणार नाही. चर्चची घंटा वाजवली जाणार नाही. कुटुंबीयांनी दफनभूमीच्या मागच्या कुंपणालगत खाजगीरीत्या दफन करावं. खाली काही लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

सुवर्णा थेट पाळकांच्या बंगल्यावर गेली. रेव्हरंड थोरात व्हरांड्यात होते. पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस. मंडळीत भांडण झालं की दोन्ही बाजूंना ते आपलेच वाटत. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"कमळाबाईंना भेटायला जा तू," थोरात म्हणाले. "जरूर जा. त्यांना आधाराची गरज आहे. पण दफनाला थांबू नकोस."

"का?"

"कमिटीचा ठराव आहे. जुना नियम आहे, सुवर्णा. ज्याने स्वतःचा जीव घेतला त्याला मंडळी माती देत नाही. मी यायच्या आधीपासूनचा आहे."

"तुम्हाला पटतो?"

थोरातांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "प्रश्न मला पटण्याचा नाही. उद्या आणखी कुणा तरुणाच्या डोक्यात तेच आलं, तर? मंडळीने मानाने पुरलं म्हटल्यावर त्याला धाक काय राहिला?"

"साहेब, कुंदनला धाक कमी पडला म्हणून तो गेला असं वाटतं तुम्हाला?"

थोरातांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ते म्हणाले, "तू इथे शिकायला आली आहेस. तुझा शेरा मला द्यायचा आहे. मला अडचणीत टाकू नकोस आणि स्वतःही पडू नकोस."

कमळाबाईंच्या घरी माणसं दाटली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कमळाबाई रडत नव्हत्या. इस्त्री करत होत्या. कुंदनचा पांढरा शर्ट टेबलावर पसरलेला होता आणि त्या कॉलरवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होत्या. सुवर्णाला पाहून त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"थोरात येणार?"

"नाही."

"घंटा?"

"नाही वाजवणार."

"आणि तू?"

हा प्रश्न समोर येईपर्यंत सुवर्णाने काहीच ठरवलेलं नव्हतं. पण तो आला तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी येते," ती म्हणाली.

"नुसती येशील, की प्रार्थना करशील?"

"सगळा विधी करते. शास्त्रवाचन, प्रार्थना, माती. सगळं."

"तुला काढून टाकतील."

"टाकू देत."

कमळाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि इस्त्री परत हातात घेतली. "मग पाळकांसारखा काळा झगा घालू नकोस. उन्हात मरशील. साडी नेस पांढरी. सायलीची आहे."

दुपारी अंत्ययात्रा निघाली. शवपेटीला ओझरच्या कारखान्यातल्या कुंदनच्या सोबत्यांनी खांदा दिला. बहुतेक हिंदू होते, दोघे मुसलमान. ख्रिस्ती दफनात काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते सुवर्णाला विचारत होते, की ताई, टोपी काढायची का, पुढे कोणी चालायचं. मंडळीतली माणसं थोडीच होती. जी होती ती मागे मागे, फूटपाथच्या कडेने चालत होती, म्हणजे कुणी पाहिलं तर सहज चाललोय असं म्हणता यावं.

दफनभूमीच्या लोखंडी फाटकाला कुलूप होतं. फाटकापाशी वाघमारे सर आणि कमिटीचे आणखी दोघे उभे होते. वाघमारे सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा सगळा अवतार अजून शाळा भरल्यासारखा असायचा.

"बाई," ते कमळाबाईंना म्हणाले, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण मागच्या बाजूला बोळातून रस्ता आहे. जागा तिकडे खणून ठेवली आहे. या फाटकातून नको."

"मागच्या बोळात काय असतं सर?" कमळाबाईंनी विचारलं.

तिथे काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं. मोडकी कुंपणभिंत, काँग्रेस गवत आणि शेजारच्या बिल्डिंगने फेकलेला कचरा.

"बरं, ते जाऊ द्या," कमळाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या कबरीशेजारी एक जागा आहे. ती कुणाची?"

"ती तुमची. तुमच्यासाठी राखलेली आहे. दगडावर तुमचं नाव कोरलेलं आहे, फक्त तारीख टाकायची बाकी आहे."

"म्हणजे मी मेले की ती मला मिळणार. नक्की ना?"

"अर्थात. तुमच्याबद्दल कुणाची काय तक्रार असणार?"

"मग ती मी माझ्या लेकाला दिली," कमळाबाई म्हणाल्या. त्यांचा तो वेगळा सूर रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण तिथली माणसं वळून पाहू लागली. "माझी जागा कुंदनला दिली. मी मेले की मला न्या त्या मागच्या खड्ड्यात. खणून तयारच आहे, तुमचे कष्ट वाचतील."

"असं देता येत नाही, बाई."

"का नाही? कुठल्या नियमात लिहिलंय, की आईने आपली जागा पोराला द्यायची नाही?"

"हा भावनेचा प्रश्न नाही. मंडळीची शिस्त म्हणून काही..."

"सर." हा आवाज सायलीचा होता. गुरुवारपासून ती कुणाशीही एक शब्द बोलली नव्हती. ती पुढे आली आणि वाघमारे सरांच्या समोर उभी राहिली. "त्या सभेत गोळ्या बंद करा म्हणाले तेव्हा सगळ्यांत आधी हात तुम्ही वर केला होता. कुंदन तुमच्या मागच्या बाकावर होता. त्याने तुमच्या हाताकडे बघितलं. मी त्याच्या शेजारी होते, म्हणून मला माहीत आहे."

वाघमारे सरांचा चेहरा उतरला. पण ते फाटकापासून हलले नाहीत. एकदा नाही म्हटलेलं हो करायची त्या माणसाला सवयच नव्हती.

कुंदनच्या सोबत्यांचे खांदे भरून आले होते. समोरच्या चहावाल्याने दोन बाकडी आणून दिली. पेटी त्यावर ठेवली गेली, फाटकासमोर, भर रस्त्यात. कमळाबाई फाटकाला पाठ लावून खाली मातीत बसल्या. "उघडेपर्यंत मी इथून उठत नाही," त्या म्हणाल्या.

सुवर्णा पेटीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. सेमिनरीत दफनविधीचा सराव होतो. एका बाकावर पांढरी चादर टाकतात आणि एकेका विद्यार्थ्याने येऊन विधी म्हणायचा असतो. त्या तासाला सगळे तोंड दाबून हसत असत. एकदा चादरीखाली कुणीतरी झोपून शिंकलाही होता. आता समोर खरी पेटी होती. तिने पुस्तक उघडलं आणि मिटलं. मग कुंदनला आवडायचं ते गीत तिने सुरू केलं. तिचा सूर चुकीच्या पट्टीत लागला. कमळाबाईंनी खाली बसल्या बसल्या तो उचलला आणि वर नेला.

"कुमारी पाटोळे," वाघमारे सर म्हणाले, "हा विधी करण्याचा तुम्हाला अधिकार नाही."

"मला माहीत आहे, सर," सुवर्णा म्हणाली आणि पुढचं कडवं घेतलं.

फूटपाथच्या कडेला असलेली मंडळीतली माणसं एकेक करून जवळ येऊ लागली. आधी दोन म्हाताऱ्या आल्या, मग तरुणांच्या वर्गातली मुलं आली. रस्ता अडला. मागे टेम्पो, रिक्षा, सिटीलिंकची बस थांबली. हॉर्न वाजायला लागले. पुढच्या माणसांनी मागच्यांना सांगितलं, की मयत आहे, आणि हॉर्न थांबले. चौकातला ट्रॅफिक हवालदार आला. त्याने पेटी पाहिली, खाली बसलेली आई पाहिली, कुलूप पाहिलं.

"चावी कोणाकडे आहे?"

वाघमारे सर म्हणाले, "हा आमचा धार्मिक प्रश्न आहे."

"असेल साहेब. पण तो रस्त्यावर आलाय आणि रस्ता माझा आहे. उघडा."

मुख्याध्यापकाला भर रस्त्यात हवालदाराने झापावं, हे वाघमारे सरांच्या जन्मात घडलं नव्हतं. त्यांनी खिशातून चावी काढून सोबतच्या माणसाकडे दिली आणि तोंड फिरवलं. "आत जा. पण मागच्या जागेतच," ते म्हणाले. ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

कमळाबाई उठल्या, पदराची माती झटकली आणि सरळ नवऱ्याच्या कबरीपाशी गेल्या. ओझरच्या पोरांनी मागच्या खड्ड्यापाशी पडलेली कुदळ-फावडी उचलून आणली. माती उन्हाने कडक झाली होती. पोरं पाळीपाळीने खणत होती, शर्ट घामाने चिकटले होते. तेवढा वेळ सुवर्णा शास्त्र वाचत राहिली. प्रीती मरणापुढे हरत नाही, असं सांगणारा भाग तिने वाचला. एकदा वाचून झाला तरी खड्डा पुरा झाला नव्हता, म्हणून परत वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज कापला नाही.

मग ती बोलली. मोठा संदेश नव्हता. "कुंदन आजारी होता," ती म्हणाली. "हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला असता तर आज घंटा वाजली असती. आजार मनाचा होता म्हणून वाजली नाही. एवढाच फरक आहे आणि तो फरक आपण केलाय, देवाने नाही. ज्याला इतक्या लोकांनी खांद्यावर आणलं त्याला देव कुंपणाबाहेर ठेवील, असं मला कुणी शिकवलेलं नाही. कुणी शिकवलं तरी मी शिकणार नाही."

पेटी खाली उतरली. तिने पहिली मूठ टाकली, मग कमळाबाईंनी, मग सायलीने. ओझरच्या पोरांनी विचारलं, आम्ही टाकली तर चालेल का. सुवर्णा म्हणाली, तुम्हीच टाका.

सोमवारी सेमिनरीत प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य डॉक्टर गायकवाड विद्वान होते आणि सुवर्णावर त्यांचा जीव होता. म्हणूनच ते जास्त चिडले होते. मंडळीची तक्रार आली होती. सेमिनरीला विद्यार्थी पाठवायला मंडळ्या लागतात. एका मंडळीने दार लावलं की दहा लावतील, ते म्हणाले. शुक्रवारी थोरात आणि वाघमारे येणार. त्यांच्यासमोर एकदा चूक झाली म्हणायचं. तेवढ्यावर मिटेल.

मनीषा मॅडमनी तिला ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर गाठलं. "तू केलंस ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण माझं ऐक. दोन शब्द बोल आणि पदवी घे. देवळालीला पोहोच. एकदा पाळक झालीस की तुझ्या मंडळीत तुला हवं तसं कर. आत राहूनच बदल करता येतो गं."

"मॅडम, तुम्ही किती वर्षं आत आहात?"

मनीषा मॅडमना ते लागलं. सुवर्णालाही बोलल्यावर वाईट वाटलं, कारण या बाईने तिला सगळं शिकवलं होतं. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. "दोन शब्दांनी माझं भागेल," ती म्हणाली. "पण त्या दोन शब्दांचा अर्थ असा होईल, की कुंदनला जिथे पुरलं तिथे पुरायला नको होतं. ते कमळाबाई ऐकतील. सायली ऐकेल. मी कसं म्हणू?"

संध्याकाळी तिने मनमाडला फोन लावला. जयरामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग डिग्री नाय मिळायची?"

"बहुतेक नाही, दादा. देवळालीचंही गेलं."

"आन् त्या बाईच्या पोराला माती मिळाली ना?"

"मिळाली."

"मग काय. आपल्यात कामावर गेलेला माणूस काम करून येतो. पगार अडकला म्हनून रूळ उखडत नाय कुनी."

शुक्रवारी प्राचार्यांच्या ऑफिसात चौघं बसले. वाघमारे सरांनी शिस्त, परंपरा, मंडळीची अब्रू यावर बराच वेळ सांगितलं. रस्त्यात झालेल्या तमाशाबद्दलही सांगितलं. थोरात खाली मान घालून होते. मग प्राचार्य म्हणाले, "सुवर्णा, तुला काय म्हणायचं आहे?"

"सर, पाळकसाहेबांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही, हे खरं आहे. ते मी लपवत नाही. पण चूक झाली असं मी म्हणणार नाही. उद्या पुन्हा असं घडलं तर मी पुन्हा जाईन."

"विचार करून बोल."

"विचार करूनच बोलते आहे. तुम्हीच शिकवलं, सर. मेंढरू हरवलं तर मेंढपाळाने जायचं असतं. ते कुठल्या कुंपणाला अडकलं होतं ते बघून नाही."

वाघमारे सर उठले. "झालं. यापुढे बोलण्यासारखं काही नाही." ते बाहेर गेले. थोरातही उठले, पण दाराशी थांबले.

"वाचलंस काय तिथे?" त्यांनी विचारलं.

सुवर्णाने अध्याय सांगितला.

थोरातांनी मान हलवली. "मीही तोच वाचला असता," ते म्हणाले. आणि वाघमारे सरांच्या मागे गेले.

शेरा 'असमाधानकारक' आला. नियमाप्रमाणे प्रात्यक्षिकाचं वर्ष दुसऱ्या मंडळीत पुन्हा करायचं, तोवर पदवी नाही. तिच्यासोबतचे सगळे पदवीदानाला काळे झगे घालून उभे राहिले तेव्हा ती मागे, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर वडिलांशेजारी बसली. जयराम तिच्यासाठी नाही, समारंभ बघायला म्हणून मनमाडहून आले होते, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. समारंभ संपल्यावर कमळाबाई आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या सरळ प्राचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या पोरांना झगे मिळाले. माझ्या पोराला माती देणारीला नाही मिळाला. बघायला आले होते, खरंच असं करता का." कमळाबाईंनी सुवर्णाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला.

त्या अजून त्याच मंडळीत जातात. कुणी कुणी सुचवलं, की दुसरीकडे जा, मन रमेल. त्या म्हणाल्या, "मी का जाऊ? माझं नाव तिथल्या दगडावर आहे." दर रविवारी त्या पहिल्या बाकावर बसतात, पूर्वी जिथे वाघमारे सर बसायचे तिथे. वाघमारे सर आता मागे बसतात. नियम कागदावर तसाच आहे. कुणी बदलला नाही.

सुवर्णाला वर्षभर घ्यायला शहरातली एकही मंडळी तयार झाली नाही. कुणी जागा नाही म्हणालं, कुणी फोनच उचलला नाही. शेवटी सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावरच्या जुन्या मंडळीने होकार कळवला. प्राचार्य म्हणाले, "तिथे कोकणी बोली चालते, कोकणातली नव्हे, तिथल्या कोकणा आदिवासींची. तुला येत नाही. उपासना त्यांच्याच बोलीत असते. सेमिनरीत आपण ज्याला परसंस्कृतीतली सेवा म्हणतो, ती खरी तिथे आहे. झेपेल?"

"तिथल्या लोकांना मी झेपेन का ते बघू या, सर."

जूनमध्ये ती बसने पोहोचली. मंडळीतल्या वडीलधाऱ्या नवसाबाई तिला उतरवून घ्यायला आल्या होत्या. काटक म्हातारी, सत्तरीची. डोंगरातली पायवाट चढताना त्यांनी तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं, "शहरातली मानसं हिकडं येत नाय. तुला कशापायी धाडलं? शिक्षा झाली का?"

"हो," सुवर्णा म्हणाली.

"कशाची?"

सुवर्णाने सांगितलं. चालता चालता, धापा टाकत, सगळं सांगितलं. चढ संपल्यावर नवसाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"आमच्यात नदीत बुडालेल्याला, झाडावरून पडलेल्याला, स्वतः गेलेल्याला, सगळ्यांना एकाच जागी ठेवतात," त्या म्हणाल्या. "दुसरी जागाच नाय आमच्याकडं. चल, जेवून घे."

पहिल्या रविवारी सुवर्णाने कोकणी बोलीत प्रार्थना करायचा प्रयत्न केला. आठवडाभर नवसाबाईंच्या सुनेकडून तिने शब्द घोटून घेतले होते. तिसऱ्याच वाक्यात तिने असा काही शब्द वापरला, की पुढे बसलेल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले आणि मागचे पुरुष उघड उघड हसले. सुवर्णा थांबली. तिला कळेना, आपण काय बोललो. नवसाबाईंनी हाताने खूण केली, की पुढे चल.

सुवर्णाही हसली. तिने तोच शब्द पुन्हा म्हटला, या वेळी मोठ्याने, आणि विचारलं, "असा नाही, तर कसा?" दहा जणांनी दहा बाजूंनी सांगितलं. तिने त्यांच्यासारखा म्हणून पाहिला. पुन्हा चुकला. पुन्हा म्हटला. तो बरोबर येईपर्यंत ती पुढच्या वाक्याकडे गेली नाही.